मँडोलिनवालीची अनामिका

लॉकडाऊनच्या त्या हिवाळ्यात मेलबर्नमध्ये लोकांनी स्वतःचे हात फार कापून घेतले. घरात कोंडलेली माणसं काहीतरी करतच राहणार. कुणी स्वयंपाकाला लागलं, कुणी मागच्या अंगणात लाकडी डेक बांधायला घेतला, आणि आमच्या हॉस्पिटलच्या हँड क्लिनिकमध्ये करवतीने कापलेले अंगठे आणि ॲव्होकाडोची बी काढताना भोसकलेले तळवे यायला लागले. मी हँड थेरपिस्ट आहे. पुण्यात फिजिओथेरपी शिकले आणि इथे आल्यावर फक्त हातांवर काम करायला लागले. सर्जन शिवतो, आणि तो शिवलेला हात परत चालता करणं हे आमचं काम.

ती भोपळ्यामुळे आली होती. जाड सालीचा भोपळा, हिवाळ्यात इथे घरोघरी सूपसाठी आणतात तो. सुरी सालीवरून घसरून डाव्या हाताच्या अनामिकेत घुसली आणि बोट वाकवणाऱ्या दोन्ही कंडरा तुटल्या. कंडरा म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत नेणारी दोरी. सर्जनने त्या जोडल्या होत्या. आता त्यांच्यावर ताण येऊ नये म्हणून मला हाताच्या पाठीवर बसणारा प्लॅस्टिकचा स्प्लिंट करायचा होता.

आमचं सगळं बोलणं इंग्रजीत व्हायचं. मराठीत लिहिताना तिला अहो म्हणावं की अगं, हा प्रश्न मला पडला. वयाने ती माझ्या आईच्या जवळपासची. पण तिला कुणी अहो-जाहो केलेलं मुळीच आवडलं नसतं, म्हणून तू.

बँडेज सोडवून मी तिची बाकीची बोटं तपासत होते. टोकांवर घट्टे होते, आणि प्रत्येक घट्ट्यात शेजारीशेजारी दोन बारीक रेघा. गिटार वाजवणाऱ्यांच्या बोटांवर एकच रेघ असते. दोन रेघांची बोटं मी घरी पाहिली होती.

"मँडोलिन?" मी विचारलं.

तोवर ती भिंतीकडे बघत होती. आता तिने माझ्याकडे पाहिलं. मास्क आणि फेसशील्डमधून आम्हाला एकमेकींचे फक्त डोळे दिसत होते.

"तुला कसं कळलं?"

"तारांच्या जोड्यांमुळे. माझे वडील वाजवायचे."

बाबा बँकेत होते. शनिवार-रविवारी एका हौशी ऑर्केस्ट्रात मँडोलिन वाजवायचे. गणपतीचे मांडव, लग्नं, सोसायट्यांचे कार्यक्रम. जुन्या सिनेमाच्या गाण्यांत दोन कडव्यांच्या मध्ये जे थरथरते लांब सूर येतात, ते त्यांचे. मी तसं सांगितल्यावर ती म्हणाली, "आम्ही जरा वेगळं वाजवतो. ब्लूग्रास. ऐकलंयस कधी?"

मी नाही म्हटलं. मग मी गरम पाण्यात प्लॅस्टिक मऊ करून तिच्या हातावर बसवत असताना तिने मला समजावून सांगितलं. हे अमेरिकेतल्या डोंगराळ भागातलं संगीत, पण आता जगभर वेडी माणसं आहेत, इथेही आहेत. बँजो, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, गिटार, मोठा उभा बास आणि मँडोलिन. ड्रम नसतो. ड्रमचं काम मँडोलिनने करायचं. डाव्या हाताची चारही बोटं फाकवून तारा धरायच्या, उजव्या हाताने एक फटका मारायचा आणि लगेच बोटं सैल करून आवाज तोडायचा. त्याला चॉप म्हणतात. दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत तो पडला पाहिजे. सगळा बँड त्याच्यावर उभा असतो.

"आणि चारही बोटं लागतात," ती म्हणाली. पुढचा प्रश्न तिने विचारला नाही. मीही त्याचं उत्तर दिलं नाही. अशा जखमेनंतर बोट पूर्ववत होणं हे निम्मं नशिबावर असतं, आणि पहिल्याच दिवशी ते कुणाला सांगत नाहीत.

निघताना ती म्हणाली, "ऑपरेशन सोडलं तर महिनाभरात मला हात लावलेली तू पहिलीच." ती डँडेनॉन्ग या उपनगराच्या पलीकडे डोंगरात एकटी राहायची.

शनिवारी दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता मी तिचं रेकॉर्डिंग शोधून काढलं. नवरा डायनिंग टेबलावर ऑफिसचं काम करत होता, मुलगी खोलीत होती. काही वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा फेस्टिव्हलचा व्हिडिओ. पाच माणसं एकाच मायक्रोफोनभोवती उभी, ज्याची पाळी येईल तो पुढे सरकतो आणि वाजवून झालं की मागे होतो. फिडलवाला मागे झाला आणि ती पुढे आली.

मी हातातला टॉवेल तसाच धरून बसले. इतक्या वेगात सूर एकमेकांत मिसळून जातात, हे मला बाबांच्या ऑर्केस्ट्रामुळे माहीत होतं. तिचे मिसळत नव्हते. एकेक सूर स्वतंत्र ऐकू येत होता आणि दोन सुरांमध्ये जागा शिल्लक होती. मी व्हिडिओ मागे नेला आणि या वेळी फक्त डावा हात पाहिला, तो तर माझा धंदाच. नवशिक्याची बोटं तारेवरून उडतात, उंच जातात, परत येतात. तिची बोटं उठत आहेत हेच दिसत नव्हतं. अनामिका सगळ्यात शांत होती. वरच्या सुरांवर जाताना ती आधीच तिथे जाऊन थांबलेली असायची, बाकीची बोटं तिच्यामागून यायची. आणि हे सगळं चालू असताना ती हाताकडे बघत नव्हती. शेजारच्या बँजोवाल्याकडे बघून कशाला तरी हसत होती.

तोच व्हिडिओ मी बाबांना पाठवला. पुण्यात तेव्हा सगळं कडक बंद, आई त्यांना भाजी आणायलाही सोडत नव्हती. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"तीनदा ऐकलं," बाबा म्हणाले. "ही बाई घाईत नाहीये गं. एवढ्या वेगात आहे, पण घाईत नाही. मला आयुष्यभर हे जमलं नाही."

ती माझी पेशंट आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. तो नियमच आहे. आज लिहितेय ते तिला विचारून. पण बाबांचं म्हणणं मी पुढच्या भेटीत तिच्या कानावर घातलं, एका मँडोलिनवाल्याचं मत म्हणून. तिने मला ते वाक्य परत म्हणायला लावलं.

त्यानंतरच्या भेटी व्हिडिओवर सुरू झाल्या. मी क्लिनिकमध्ये लॅपटॉपसमोर, ती तिच्या स्वयंपाकघरात. मागे भिंतीवर खुंटीला मँडोलिन टांगलेलं दिसायचं. व्यायाम अगदी बारीक होते. दुसऱ्या हाताने बोट हळूच वाकवायचं, मग त्याचं त्याला थोडं वाकू द्यायचं. जास्त केलं तर टाका तुटतो आणि कमी केलं तर कंडरा आतल्या जखमेला चिकटते. मधली वाट अरुंद असते. तिला ती लगेच समजली. जन्मभर बोटांशीच बोललेली ती. मी एकदा सांगितलेलं तिला परत सांगावं लागलं नाही.

व्यायाम झाले की ती गप्पा मारायची. दर गुरुवारी तिच्या त्या स्वयंपाकघरात बँडमधले पाचहीजण जमायचे, कित्येक वर्षं. आता पाच किलोमीटरच्या पलीकडे कुणाला जाता येत नव्हतं आणि पाचहीजण पाच दिशांना होते. बासवाल्याचं वय झालेलं, त्याला त्याची मुलगी दारातसुद्धा उभं राहू देत नव्हती.

"ऑनलाइन वाजवता नाही येत का?" मी विचारलं.

"करून बघितलं. आवाज पोचायला उशीर लागतो. मी मारलेला फटका त्याच्यापर्यंत जातो तोवर तो पुढे गेलेला असतो. बोलताना ते कळत नाही. वाजवताना सगळे कोसळतात."

मी तिच्या भेटीची वाट बघायला लागले होते. त्या दिवसांत कामावर जायची भीती वाटायची, घरी यायचीही वाटायची. दारातच कपडे काढून सरळ आंघोळीला जायचं, मुलीला लगेच जवळ घ्यायचं नाही. ती दुरूनच म्हणायची, "Mum, are you clean now?" एवढ्या सगळ्यात त्या बाईचं बोट रोज केसभर सुधारत होतं. मी तिला सांगितलंही, की मी तुझी रेकॉर्डिंग्ज गाडीत ऐकते, तू परत वाजवशील तेव्हा मला समोर बसून ऐकायचंय. ती हसायची.

मग एक दिवस तिचा कॅमेरा नीट चालेना. चित्र दिसत होतं, पण हात कधी अर्धा चौकटीबाहेर, कधी दिव्याच्या उजेडात पांढराफटक. "डोंगरातलं इंटरनेट," ती म्हणाली. पुढच्या वेळी तिने फक्त फोन केला. सगळं ठीक आहे, व्यायाम चालू आहेत. तिचा आवाज नेहमीपेक्षा नीटनेटका होता. मला ते ठीक वाटलं नाही. मी तिला म्हटलं, "क्लिनिकमध्ये ये. परवानगीचं पत्र मी पाठवते."

ती आली, खुर्चीत बसली आणि मी काही म्हणायच्या आत स्प्लिंट काढून हात टेबलावर ठेवला. मी म्हटलं, मूठ कर. तीन बोटं वाकली. अनामिका मधल्या सांध्यात वाकली, पण टोक सरळच राहिलं. मी मधला सांधा धरून फक्त टोक वाकवायला सांगितलं. काहीच हललं नाही. टोकापर्यंत जाणारी कंडरा परत तुटली होती.

"कधी झालं?"

"दोनेक आठवडे झाले असतील."

"पडलीस का?"

तिने मान हलवली. मग सांगितलं. रविवारी दुपारी बँडमधल्या सगळ्यांनी पुन्हा व्हिडिओवर वाजवायचा घाट घातला होता. बासवाला आजारी होता, त्याचा वाढदिवस होता. ती नुसती ऐकत बसली होती. गाणं सुरू झालं आणि नेहमीप्रमाणे सगळे एकमेकांपासून सुटायला लागले. बासवाला मागे मागे राहत गेला. त्याला वाटत होतं की आपलंच चुकतंय. ती उठली, स्प्लिंट काढला, खुंटीवरचं मँडोलिन घेतलं आणि चॉप मारायला लागली.

"पण तूच म्हणाली होतीस की उशीर लागतो," मी म्हटलं. "तुझ्या चॉपनेही काही झालं नसतं."

"माहीत होतं मला."

"मग?"

"तो एकटा पडत होता," ती म्हणाली. "मी तिथे नुसती बसू शकले नाही. शेवटच्या कडव्यात बोटात काहीतरी टक् झालं. आवाज आला मला. मी गाणं पूर्ण केलं."

मला राग आला. माझा राग चेहऱ्यावर दिसत नाही असं माझा नवरा म्हणतो, पण मास्कच्या वर डोळे उघडे होते. लगेच सांगितलं असतं तर पुन्हा शिवता आलं असतं. उशीर झाला की तुटलेली टोकं आत ओढली जातात आणि मग ती सापडून जोडणं जवळजवळ अशक्य. हे सगळं मी तिला पहिल्या आठवड्यातच सांगितलं होतं.

"मला का नाही फोन केलास?" मी विचारलं. "ओरडले असते म्हणून?"

"तू ओरडली असतीस तर चाललं असतं," ती म्हणाली. "तू गाडीत माझी रेकॉर्डिंग्ज ऐकतेस. तुला कसं सांगू?"

मी तिचा हात उगाचच परत तपासला, मग सर्जनला फोन लावला. त्याने येऊन पाहिलं आणि जे मला माहीत होतं तेच सांगितलं. नवीन कंडरा घालायची तर दोन ऑपरेशनं, मध्ये बरेच महिने, आणि तरी बोट ताठ राहण्याची शक्यता मोठी. दुसरा मार्ग साधा होता. टोकाचा सांधा थोडा वाकवून कायमचा जाम करायचा. सांधा सैल राहिला तर तार दाबताना टोक उलटं मागे जाईल. जाम केला तर निदान दाबता येईल. पण दोन्हींपैकी काहीही लगेच होणार नव्हतं. तातडीची नसलेली सगळी ऑपरेशनं बंद होती.

ती घरी गेली. त्या संध्याकाळी मी गाडीत रेडिओ लावला. तिचं रेकॉर्डिंग लावायला हात गेला नाही. घरी नवऱ्याने विचारलं, काय झालं, तर मी म्हटलं, एका पेशंटचं बिघडलं. त्याने चहा ठेवला. माझं मन दोन ठिकाणी ओढलं जात होतं. एकदा वाटायचं, मी कौतुक तोंडावर केलं नसतं तर तिने त्याच दिवशी फोन केला असता. मग वाटायचं, ज्या बाईने अर्धवट बऱ्या बोटाने मित्रासाठी गाणं पूर्ण केलं, ती मी गप्प बसल्याने काय वेगळं वागली असती. अजूनही याचा निकाल लागलेला नाही.

बासवाला सप्टेंबरमध्ये गेला. कोविड नव्हता, हृदय थकलं होतं. अंत्यसंस्काराला मोजक्याच माणसांना परवानगी, ती सगळी घरचीच. तिने तो लॅपटॉपवर पाहिला. मला हे तिने फोनवर सांगितलं, आणि मग नेहमीच्या आवाजात विचारलं की करंगळीचे व्यायाम वाढवू का, कारण आता तिच्यावर जास्त भार येणार.

लॉकडाऊन उठला आणि ऑपरेशनं हळूहळू सुरू झाली. तिने सांधा जाम करायचं ठरवलं होतं. प्रश्न असा होता की किती वाकवून. एकदा हाड जुळलं की तो कोन बदलत नाही. सर्जन म्हणाला, नेहमीचा कोन ठेवू. मी म्हटलं, हिला विचारून ठेवू.

ती मँडोलिन घेऊन क्लिनिकमध्ये आली. मी तिच्या बोटाच्या टोकापुरत्या प्लॅस्टिकच्या छोट्या टोप्या केल्या, प्रत्येक वेगळ्या कोनात, खालून बोटाची कातडी उघडी राहील अशा. पहिली चढवली. तिने अनामिका तारेवर ठेवली आणि एक सूर काढला. बोदा आवाज. दुसरी टोपी, जरा जास्त वाकलेली. आता शेजारच्या तारेला धक्का लागत होता. पाण्यात घालून मी ती परत मऊ केली, किंचित उघडली. तारेला बोट लावण्याआधी ती डोळे मिटायची.

"अजून थोडं. नाही, परत. हं."

मी तिचा वाजता हात इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. त्या हाताने फार थोडं केलं. तीन सूर, मग पाच, मग एकच जागा दहा वेळा. पण एका टोपीवर आल्यावर ती थांबली, मान एका बाजूला केली आणि तेच पाच सूर पुन्हा वाजवले, आणि त्यांच्यामध्ये ती जागा होती. खोलीतल्या दुसऱ्या टेबलाशी बसलेला पेशंट, अंगठा गेलेला एक बांधकाम कामगार, मान वळवून बघायला लागला.

"हा," ती म्हणाली.

मी कोन मोजला, लिहून सर्जनकडे पाठवला. त्याने तसंच केलं.

पुढच्या वर्षी, दोन लॉकडाऊनच्या मधल्या फटीत, तिने आम्हाला डोंगरातल्या एका कम्युनिटी हॉलमध्ये बोलावलं. तोवर ती माझी पेशंट राहिली नव्हती. दारात फोनने कोड स्कॅन करायचा, खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. मी नवऱ्याला आणि मुलीला घेऊन गेले. बासवर एक अनोळखी माणूस होता, चांगला वाजवत होता. एकच मायक्रोफोन ठेवायला आता परवानगी नव्हती, म्हणून प्रत्येकासमोर वेगळा होता आणि कुणीच पुढे-मागे होत नव्हतं.

ती बहुतेक वेळ चॉपच मारत होती. मोठ्या पकडी तिने सोडून दिल्या होत्या, दोन-तीन बोटांच्या लहान पकडी बसवल्या होत्या. वेगवान तुकडे फिडलवाल्याकडे गेले होते. एका गाण्यात तिची पाळी आली तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकले. तिने साधं वाजवलं, मूळ चालीच्या अगदी जवळून. मला ते सगळं पाठ होतं, त्यामुळे कुठे कुठे काय असायला हवं होतं ते ऐकू येत होतं. वर जाताना अनामिका पोचायला अर्धा क्षण उशीर करत होती. ती आता बोटाकडे बघत होती.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मला रडू येत होतं. लोकांना वाटलं असेल की आनंदाने.

नंतर चहाच्या टेबलाशी मी तिला गाठलं. काय बोलावं ते मी गाडीत येताना ठरवलं होतं आणि त्यातलं काही आता खरं वाटत नव्हतं.

"खोटं बोलू नकोस," तीच म्हणाली.

"पहिल्यासारखं नाही."

"नाहीच." तिने कप डाव्या हातात धरला होता आणि अनामिका कपापासून थोडी दूर, वाकलेली उभी होती. "तुकडा वाईटच झाला. पण चॉप वेळेत होता की नाही, ते सांग."

"होता," मी म्हटलं. तो खरोखर होता. संध्याकाळभर एकदाही ढळला नव्हता, आणि नवा बासवाला त्याच्यावर निर्धास्त चालत होता.

"बस्स मग," ती म्हणाली, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून तिकडे गेली.

परतताना उतारावर धुकं होतं. नवरा हळू चालवत होता. मुलगी मागून म्हणाली, "She was really good, Mum."

"हो," मी म्हटलं.

आधी ती कशी वाजवायची ते मी मुलीला सांगितलं नाही. काही आठवड्यांनी सगळं पुन्हा बंद झालं.